वाचक विचारतात: एअरगनची ओ-रिंग नेमकी कुठल्या साइझची घ्यायची?

ओ-रिंगबद्दल, म्हणजे सांध्यातून हवा गळू न देणाऱ्या गोल रबरी रिंगबद्दल, इतके प्रश्न साठलेत की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. पत्रं थोडी छाटून दिलीयत, राग मानू नका. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, खाली कुठेही "खोला" असं लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्थ "आधी हवा पूर्ण काढा, मग खोला" असाच घ्यायचा.

प्रश्न: दादा, माझ्या पीसीपीच्या (आधीच दाबाची हवा भरून ठेवायच्या एअरगनच्या) फिल प्रोबवरची, म्हणजे हवा भरायला पोर्टमध्ये घालायच्या नळीवरची, एक रिंग तुटली. व्हर्नियरने मोजली तर जाडी एका जागी १.६ मिमी, दुसऱ्या जागी १.८५. आतला व्यास तर दर वेळी वेगळाच येतो. दुकानदार म्हणतो नेमका साइझ सांगा नाहीतर देत नाही. कुठला आकडा धरू?

दुकानदार बरोबर बोलतोय, आणि तुमचा व्हर्नियरही बरोबरच आहे, खोटं बोलतेय ती रिंग. वर्षभर खाचेत दाबून राहिलेली रिंग चपटी होते, वर ग्रीस पिऊन फुगते नाहीतर सुकून आकसते, आणि तुटताना ताणली गेली ते वेगळंच. तिच्यावरून साइझ काढायचा म्हणजे झिजलेल्या चपलेवरून पायाचं माप काढण्यासारखं आहे. माप घ्यायचं ते खाचेचं, आणि ती खाच ज्या भोकात जाते त्या बोअरचं. धातू काही फुगत नाही.

तरी जुनी रिंग फेकू नका, अंदाज घ्यायला ती उपयोगी पडते. ओ-रिंगला मापं दोनच, आतला व्यास आणि जाडी, आणि जाडी कुठलीही नसते, ठरलेल्याच असतात. इंचाच्या एएस ५६८ मालिकेत शून्याने सुरू होणारे नंबर १.७८ मिमी जाडीचे, शंभरचे २.६२, दोनशेचे ३.५३. मेट्रिकमध्ये १.५, २, २.५, ३ अशा सरळ जाड्या मिळतात, जपानी पी मालिकेत १.९ आणि २.४. नव्या १.७८ च्या रिंगलाही ०.०८ इकडे तिकडे चालतं, म्हणजे तुमचं १.८५ सुद्धा नियमातच बसतं! तुम्हाला १.६ आणि १.८५ मिळालं तर कमी आकडा चपट्या झालेल्या बाजूचा धरा, आणि ही रिंग बहुतेक १.७८ चीच होती. "बहुतेक" म्हणतोय कारण फुगलेली रिंग असेल तर गणित उलटं पण होतं.

आतला व्यास गोल रिंगमध्ये व्हर्नियर घालून मोजू नका, रबर दबतं आणि हवा तो आकडा येतो. तुमची तर तुटलेलीच आहे, मग ती न ताणता पट्टीशेजारी सरळ ठेवा आणि लांबी बघा. लांबी भागिले ३.१४, त्यातून जाडी वजा, की आतला व्यास. समजा लांबी २२.२ आली तर भागाकार ७.०७, वजा १.७८ म्हणजे ५.२९. एएस ५६८ मध्ये ००९ नंबरची रिंग ५.२८ ची आहे. बसलं की नाही?

आता खरं काम, खाच. फिल प्रोबला रिंग बाहेरच्या अंगाला असते, म्हणजे खाच प्रोबवर आणि बोअर समोरच्या पोर्टमध्ये. खाचेच्या तळाचा व्यास मोजायला व्हर्नियरच्या जबड्याची बारीक धार लागते, आणि खाच अरुंद असली तर ती पण तळापर्यंत जात नाही. अशा वेळी एकाच मापाचे दोन ड्रिल बिट घ्या, समजा १.५ मिमीचे, त्यांचे गुळगुळीत दांडे खाचेत दोन्ही बाजूंनी समोरासमोर आडवे बसवा, वरून माप घ्या आणि त्यातून ३ मिमी वजा करा. दुसऱ्या कोणाला धरायला सांगा, एकट्याने केलं की बिट तीन वेळा तरी खाली पडतात, माझा तरी अनुभव असाच.

समजा खाचेच्या तळाचा व्यास आला ५.४ आणि बोअर ८.४. फरक ३, एका बाजूला १.५ मिमी. म्हणजे रिंगला राहायला जागा दीड मिमीची आणि रिंग १.७८ ची, ती ०.२८ ने दाबली जाणार, टक्क्यांत साधारण १६. सरकणाऱ्या जागेला १० ते २० टक्के दाब चांगला, एकदा बसवून हलवायचंच नाही अशा जागेला १५ ते ३० सुद्धा चालतो. आता त्याच खाचेत कोणी २ मिमीची रिंग कोंबली तर दाब होतो २५ टक्के, प्रोब आत ढकलताना हात दुखतो आणि चार-पाच वेळा भरलं की रिंग सोलून निघते. १.५ ची घातली तर दाब शून्य, रिंग खाचेत नुसती फिरत बसणार, हवा काही अडत नाही.

खाचेची रुंदी पण बघा, ही गोष्ट लोक हमखास विसरतात. रबर दाबलं तर आकार बदलतं पण आकारमान कमी होत नाही, त्याला बाजूला सरकायला जागा लागते. दीड खोल आणि २.४ रुंद खाचेत १.७८ ची रिंग साधारण ६९ टक्के जागा व्यापते, २ ची ८७. पाऊणभर भरली की उत्तम, ८५ च्या वर गेलं की रबर खाचेतून बाहेरच्या फटीत घुसायला लागतं आणि तिथेच कापलं जातं.

आणि राहिला आतला व्यास. रिंग खाचेच्या तळाला किंचित ताणून बसली पाहिजे, १ ते ५ टक्के. ५.४ च्या तळावर ५.२८ ची म्हणजे सव्वादोन टक्के ताण, झकास. ००८ नंबर ४.४७ चा आहे, ती वीस टक्के ताणावी लागेल, ताणली की बारीक होते आणि वर लवकर चिरते. ०१० आहे ६.०७ ची, ती ढिली बसेल आणि प्रोब आत घालताना हमखास कडेला चिमटेल. तर तुमच्या दुकानदाराला सांगा, ५.२८ गुणिले १.७८, किंवा नुसतं ००९. मात्र ही आकडेमोड माझ्या समजा-वाल्या मापांवर आहे, तुम्ही तुमची खाच मोजा, उगाच माझा नंबर घेऊन जाऊ नका.

प्रश्न: खाच प्रोबवर नसून भोकाच्या आत असेल तर हाच हिशोब का?

नाही, उलटा. बोल्टच्या (छर्रा पुढे ढकलणाऱ्या दांड्याच्या) बाहेर बॅरल किंवा ब्रीचच्या (बॅरलच्या मागच्या, छर्रा घालायच्या टोकाच्या) आत कोरलेली खाच असते तेव्हा रिंगचा बाहेरचा व्यास महत्त्वाचा. तो खाचेच्या बाहेरच्या भिंतीपेक्षा किंचित मोठा घ्यायचा, एक-दोन टक्के, म्हणजे रिंग स्वतःच्या जोरावर भिंतीला चिकटून राहते आणि दांडा आत येताना तिला ओढून नेत नाही. आतला व्यास दांड्यापेक्षा लहान हवाच. बाहेरचा व्यास म्हणजे आतला अधिक दोनदा जाडी, एवढं लक्षात ठेवा, पाकिटावर तो बहुतेक लिहिलेला नसतो.

प्रश्न: माझी ब्रेक बॅरल स्प्रिंगर आहे, म्हणजे बॅरल मोडून स्प्रिंग चढवायची. ब्रीचची रिंग स्वतः बदलली, जुन्याच मापाची घेतली, तरी उडवताना गालावर हवेचा फुस्स लागतो आणि छर्रा आधीपेक्षा खाली पडतोय. रिंग चुकली का मी चुकलो?

"जुन्याच मापाची" म्हणजे जुनी मोजून घेतलेली, बरोबर? मग वरचं उत्तर वाचा आणि माझ्यावर रागवा. पण ब्रीचची गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून वेगळं लिहितो.

इथे रिंग दोन सपाट तोंडांच्या मध्ये दाबली जाते, कुठे सरकत नाही. हवेचा दाब आतून बाहेर येतो, म्हणजे रिंग बाहेरच्या भिंतीकडे ढकलली जाणार, तेव्हा तिचा बाहेरचा व्यास खाचेच्या बाहेरच्या भिंतीला आधीच टेकलेला हवा. आत जागा राहिली तर चालेल, बाहेर नको. बाहेर जागा राहिली तर प्रत्येक शॉटला रिंग फुगून भिंतीकडे पळते, परत येते, आणि थोड्याच दिवसांत वेडीवाकडी होते.

दुसरं म्हणजे उंची. रिंग बसवल्यावर ती ब्रीचच्या तोंडापेक्षा जराशी वर डोकावली पाहिजे, साधारण ०.१ ते ०.२५ मिमी. नखाने चाचपलं तर कळतं इतकीच. पृष्ठभागाच्या बरोबरीला किंवा खाली असेल तर गालावर फुस्स येणारच. त्यासाठी लगेच जाड रिंग शोधू नका, रिंगखाली पातळ प्लास्टिकची चकती कापून घाला, बाटलीच्या प्लास्टिकची चालते, कागदाची पण तात्पुरती चालते. उलट जास्त वर आली तर बॅरल नीट लॉक होत नाही, दर वेळी वेगळ्या कोनात बसते आणि मग नेम जातो आणि आपण दुर्बिणीला शिव्या देत बसतो.

तपासायला सोपं आहे, टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या सांध्यावर वरून ठेवायची, सांध्याच्या आत नाही, आणि सुरक्षित दिशेला, छर्रा घालून उडवायचं. पट्टी उडाली तर गळतंय. रिकामी उडवू नका, स्प्रिंगरमध्ये छर्रा नसला की पिस्टनला पुढे हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट जाऊन आपटतो, रिंग वाचवायच्या नादात पिस्टन सील गमवाल.

प्रश्न: एनबीआर, व्हायटॉन, पॉलीयुरेथेन, त्यात परत ७० आणि ९०. डोकं फिरलंय. एकच काय ते सांगा.

एकच सांगता येत नाही, पण जवळपास सांगतो. हवेवरच्या बंदुकीला, म्हणजे स्प्रिंगर किंवा पीसीपी, एनबीआर म्हणजे साधं नायट्राइल रबर पुरतं. महाग ते चांगलं म्हणून लोक व्हायटॉन घेतात आणि मग थंडीत गळतं म्हणून लिहितात. व्हायटॉन उष्णतेला आणि तेलाला खंबीर आहे, पण बंदुकीत दोनशे डिग्री येतात कुठून? उलट गारठ्यात ते नायट्राइलच्या आधी ताठर होतं. रबर थंडीत ताठर झालं की काय होतं ते १९८६ साली गारठ्यात ओ-रिंग निकामी होऊन नष्ट झालेल्या चॅलेंजर यानाने दाखवलंच आहे, त्याच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि चिमटा सोडल्यावर रबर लगेच पूर्ववत झालं नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. आपल्या बंदुकीत तेच छोट्या प्रमाणात होतं, सकाळी गळते आणि दुपारी गळत नाही.

७० आणि ९० हा कडकपणा, शोर ए या रबराच्या कडकपणाच्या मापात. २००-३०० बारचा दाब कायम झेलणारी जागा, म्हणजे एअर ट्यूबची टोकं, गेज, फिल पोर्ट, तिथे ९० चांगली, कारण कडक रबर फटीत घुसत नाही. बोल्टच्या टोकाला, ब्रीचला, जिथे दाब क्षणभरच येतो आणि दाबायला फक्त हाताचा जोर असतो, तिथे ७०. सगळीकडे ९० घालणारे पण असतात, त्यांचा बोल्ट मग हातोडी घेऊन बंद करावा लागतो.

सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या कॅप्सूलवर चालणाऱ्या बंदुकीची, गोष्ट वेगळी. हा वायू रबरात मुरतो, नायट्राइलमध्ये मुरतो आणि व्हायटॉनमध्ये तर चांगलाच मुरतो. कॅप्सूल काढली, दाब एकदम गेला की आत मुरलेला वायू बाहेर यायला धडपडतो आणि रिंग फुगते, कधी कधी फोड येतात. म्हणून सीओटूच्या बंदुकीतून नुकतीच काढलेली रिंग परत खाचेत बसतच नाही, लोकांना वाटतं चुकीची रिंग होती आणि ते एक साइझ लहान आणतात! तिला एक दिवस तशीच पडू द्या, बरीचशी मूळ मापावर येते. मोजायचीच असेल तर त्यानंतर मोजा. सीओटूला मी पॉलीयुरेथेन वापरतो, दाब ५७-६० बारच असतो नेहमीच्या हवामानात, त्यामुळे कडकपणाची फार चिंता नको. पॉलीयुरेथेनचा दोष एवढाच की त्याच्या काही जाती दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्या की चिकट होऊन भुगा होतात, जुन्या बंदुकीतून मेणासारखं काही निघालं तर ते एके काळी सील होतं असं समजा.

रंगावरून ओळखता येतं का असं आणखी एकाने विचारलंय. नाही. तपकिरी बहुतेक व्हायटॉन आणि हिरवी बहुतेक एसीची, पण रंगाचा असा काही पक्का नियम नाही, काळी तर काहीही असू शकते. व्हायटॉन नायट्राइलपेक्षा जवळजवळ दीडपट जड असतं, त्यामुळे एकाच साइझच्या दहा-दहा रिंगा बारीक काट्यावर ठेवल्या तर फरक दिसतो.

प्रश्न: शेकडो रिंगांचा डबा मिळतो तो घेऊन ठेवू का?

घ्या, पण दोन डबे, एक इंचाचा आणि एक मेट्रिकचा, आणि ते कधीही एकत्र करू नका. एकदा २.५ आणि २.६२ च्या रिंगा मिसळल्या की डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. २.२ मिमीच्या जागेत २.६२ ची रिंग १६ टक्के दाबली जाते आणि २.५ ची फक्त १२, जपानी २.४ ची असेल तर ८. तिन्ही बसतात, तिन्ही पहिल्या दिवशी हवा धरतात, आणि मग महिन्याभरात गेजचा काटा हळूहळू खाली. डब्यातल्या रिंगा बहुतेक ७० कडकपणाच्या असतात हे पण लक्षात ठेवा. १.७८ आणि १.८ मात्र खुशाल एकमेकींच्या जागी वापरा, तेवढ्याने काही होत नाही.

प्रश्न: खाच मोजली, साइझ बरोबर, ९० ची नवी रिंग, तरी दोन दिवसांत अर्धी हवा जाते. आता काय?

आता रिंगवरून लक्ष काढा. आधी गळती कुठून आहे ते शोधा, साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि शांत बसून बघा, बारीक बुडबुडा यायला पाच मिनिटं लागू शकतात. बॅरलच्या तोंडातून हवा येत असेल तर ते व्हॉल्व्हचं डोकं नीट बसत नाहीये, त्याला ओ-रिंगशी देणंघेणं नाही (बॅरलच्या तोंडावर फुगा लावून ठेवला तरी कळतं). रेग्युलेटर (पुढच्या कप्प्यात ठरलेलाच दाब सोडणारा भाग) असेल आणि ट्यूबच्या अंगावरच्या बारीक भोकातून हवा येत असेल तर रेग्युलेटरची आतली रिंग गेली, ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, कृपा करून ते बुजवू नका.

बुडबुडा नव्या रिंगपाशीच येत असेल तर रिंग काढून भिंगाखाली फिरवून बघा. बारीक अर्धचंद्रासारखा काप दिसला तर बसवताना कापली गेलीय. ट्यूबला आडवी भोकं असतात, आटे असतात, रिंग त्यावरून सरकताना धारेत अडकते. त्या धारा अगदी बारीक पॉलिश पेपरने मोडा, खाचेला मात्र कागद लावू नका, खाच रुंद किंवा ओरखड्याची झाली तर कुठलीच रिंग चालणार नाही. आट्यांवरून नेताना त्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळा, त्यावरून रिंग सरकवा, मग प्लास्टिक ओढून घ्या. जुनी रिंग काढायला सुई किंवा टोच्या वापरू नका, दात कोरायची लाकडी काडी बास.

अजून एक गंमत, ओ-रिंगला हवेचा दाबच जागेवर ढकलून घट्ट करतो, त्यामुळे ती २०० बारला कमी गळते आणि ३० बारला जास्त. पूर्ण रिकामी बंदूक हळूहळू भरायला लागलात तर सुरुवातीला फुसफुस येते, लगेच खोलून बसू नका, दाब चढला की बऱ्याचदा थांबते. मी एकदा अशी धडधाकट बंदूक दोनदा खोललीय.

प्रश्न: बसवताना कुठलं ग्रीस? घरात मशीनचं तेल आहे.

ते घरातच ठेवा. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल किंवा साधं ग्रीस पेट घेऊ शकतं, डिझेल इंजिनमध्ये होतं तसंच. शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही रिंग चमकेल इतकंच, खाच भरून नाही. रिंगच सिलिकॉन रबरची असेल तर त्यावर सिलिकॉन ग्रीस लावू नका, फुगते, पण मुळात सिलिकॉन रबर इथे वापरूच नका, ते नखाने फाटतं.

आणि गेजवर शून्य दिसलं म्हणून बंदूक रिकामी झाली असं धरू नका. गेजचं भोक ग्रीसने बुजलेलं असू शकतं, रेग्युलेटरच्या पुढच्या कप्प्यात हवा अडकलेली असू शकते. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो वापरा, नसेल तर सुरक्षित दिशेला, छर्रा न घालता, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत उडवत राहा (हे फक्त पीसीपीला, स्प्रिंगरला नाही, वर सांगितलंय). त्यानंतरही आटे सोडताना कुठला भाग हाताने फिरायचा थांबला, एकदम घट्ट लागला, तर आत दाब आहे असं समजून तिथेच थांबा, पाना लावू नका. तोंड त्या टोकासमोर कधीच नको.

उघडलीच आहे तर प्रत्येक खाचेचं माप त्याच दिवशी घेऊन ठेवा. तळाचा व्यास, बोअर, रुंदी, आणि कुठला नंबर बसला ते, एका कागदावर लिहून रिंगांच्या डब्यात टाका. डबा उन्हात किंवा चालू मोटरजवळ ठेवू नका, मोटरच्या ठिणगीतून ओझोन निघतो आणि त्याने नायट्राइलला पडल्या पडल्या भेगा जातात.